तबकडीसाठी पॅसिव्ह प्रीॲम्प की ॲक्टिव्ह? खरेदीआधी घरीच करायची आकडेमोड

टर्नटेबल घरात आलं, फोनो स्टेज आला, पॉवर ॲम्प आणि स्पीकर जागेवर बसले, की पुढचा प्रश्न येतोच: मधे आवाज कमीजास्त करणारा डबा कोणता घ्यायचा? ॲक्टिव्ह प्रीॲम्पमध्ये वीजपुरवठा असतो, ट्रान्झिस्टर, आयसी किंवा व्हॉल्व्ह असतात आणि स्वतःचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, असते. पॅसिव्ह प्रीॲम्प म्हणजे एक सिलेक्टर स्विच, एक पोटेन्शियोमीटर (नॉबमागचा बदलता रोध, याला पुढे पॉट म्हणू) आणि काही आरसीए सॉकेट (ऑडिओ केबलची नेहमीची गोल सॉकेट). त्याला विजेचा प्लगच नसतो.

यावर बोलणं सुरू झालं की पॅसिव्हवाले म्हणतात, ‘आवाज स्वच्छ येतो’ आणि ॲक्टिव्हवाले म्हणतात, ‘पण त्यात दम नाही’. दोघांनाही जे ऐकू येतं ते खरंच ऐकू येतं. फक्त त्याचं कारण डब्याच्या जातीत क्वचितच असतं. ते दोन आकड्यांत असतं: सुईपासून स्पीकरपर्यंत एकूण गेन किती, आणि एका डब्याचा आउटपुट इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध, ओहममध्ये) पुढच्याच्या इनपुट इम्पीडन्सशी जुळतो का. माहितीपत्रक, कॅल्क्युलेटर आणि साधा मल्टिमीटर घेऊन हे तासाभरात काढता येतं, आणि मग पैसे टाकण्याची वेळच अनेकदा येत नाही.

आधी एक गल्लत दूर करू

‘प्रीॲम्प’ हा शब्द बाजारात दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एक फोनो प्रीॲम्प, म्हणजेच फोनो स्टेज. दुसरा लाइन प्रीॲम्प, जो आवाज कमीजास्त करतो आणि इनपुट निवडतो. पॅसिव्ह-ॲक्टिव्हचा प्रश्न फक्त दुसऱ्याचा आहे.

तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात आणि वरचे उचलतात. १९५४ मध्ये ठरलेल्या आरआयएए वक्रानुसार (कोणता स्वर किती दाबायचा-उचलायचा याचं प्रमाण) १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झ जवळपास १९ डेसिबलने खाली आणि २० किलोहर्ट्झ जवळपास २० डेसिबलने वर असतो. हे उलटं करून सगळं पुन्हा सपाट करायचं आणि कार्ट्रिजचे (सुई बसवलेला, सिग्नल तयार करणारा भाग) चार-पाच मिलिव्होल्ट शंभर पटीने वाढवायचे, हे काम फोनो स्टेजचं. तिथे गेन लागतोच, त्यामुळे तिथे वीज लागतेच. नुसता पॅसिव्ह डबा टर्नटेबलला जोडला तर किरटा, बारीक, बेसशिवायचा आवाज येईल. काही फोनो स्टेजवर ‘पॅसिव्ह आरआयएए’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की आतला इक्वलायझर दोन गेन स्टेजच्या मधे फक्त रेझिस्टर-कपॅसिटरने केला आहे. आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या इंटिग्रेटेड ॲम्पला मागे ‘फोनो’ सॉकेट असेल तर व्हॉल्यूमही त्यातच आहे, वेगळा डबा घेण्याची गरज नाही. आणि घरात आजोबांच्या काळातला सिरॅमिक कार्ट्रिजवाला रेकॉर्ड प्लेअर असेल, तर त्याचं गणितच निराळं. ते कार्ट्रिज काहीशे मिलिव्होल्ट देतं आणि त्याला खूप मोठ्या इनपुट इम्पीडन्सचा लोड लागतो. त्याला आजचा फोनो स्टेजही जोडू नये आणि १० किलोओहमचा पॅसिव्ह डबाही. शिवाय त्याची सुई तबकडीवर जड बसते, म्हणून चांगल्या एलपी त्यावर न लावलेल्या बऱ्या.

पायरी १: गेनची बेरीज करा

तीन आकडे लागतात. कार्ट्रिजचा आउटपुट, फोनो स्टेजचा गेन, पॉवर ॲम्पची सेन्सिटिव्हिटी (पूर्ण ताकदीसाठी इनपुटला लागणारे व्होल्ट). डेसिबलचं पटीत रूपांतर असं: ४० डेसिबल म्हणजे १०० पट, ४६ म्हणजे २००, ५४ म्हणजे ५००, ६० म्हणजे १०००.

ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई घ्या. त्याचा आउटपुट ४ मिलिव्होल्ट. ४० डेसिबलच्या फोनो स्टेजमधून ते ४०० मिलिव्होल्ट होतात. आता ५० वॅटचा पॉवर ॲम्प घ्या, ज्याचा गेन २६ डेसिबल, म्हणजे २० पट आहे. ८ ओहमला ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट, म्हणजे पूर्ण ताकदीसाठी इनपुटला १ व्होल्ट हवा. माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिली नसेल तर अशीच काढायची: वॅट गुणिले ८, त्याचं वर्गमूळ, भागिले गेनची पट.

पॉट पूर्ण उघडा ठेवला तर ४०० मिलिव्होल्टचे होतात ८ व्होल्ट, म्हणजे ८ वॅट. ८६ डेसिबलच्या (एका वॅटला एका मीटरवर एवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरसमोर एका मीटरवर ९५ डेसिबल. कार्ट्रिजचा तो ४ मिलिव्होल्टचा आकडा ५ सेंटिमीटर प्रति सेकंद या मोजणीच्या पातळीचा असतो, आणि तबकडीवरचे जोरकस क्षण त्याच्या तिप्पट-चौपटही जातात. फ्लॅटमधल्या हॉलमध्ये एवढा आवाज कोणी लावत नाही. म्हणजे इथे गेन कमी नाही, उलट उरतोय. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, ४० डेसिबलचा फोनो आणि १ व्होल्टचा ॲम्प अशी साखळी असेल तर आणखी १०-१२ डेसिबल गेन देणारा ॲक्टिव्ह प्रीॲम्प घेऊन काय होतं? घड्याळाच्या तबकडीप्रमाणे आठच्या काट्याच्या जरा पुढे नॉब गेला की घर दणाणतं, आणि तुम्ही कायम पॉटच्या त्या तळाच्या भागात अडकता जिथे डाव्या-उजव्या चॅनेलचा मेळ सगळ्यात वाईट असतो. हा माझा ॲक्टिव्हवरचा मुख्य आक्षेप आहे. गेन हवा तेवढाच चांगला.

आता दुसरं टोक. डेनॉनचं डीएल-१०३ हे एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज ०.३ मिलिव्होल्ट देतं. फोनो स्टेज ५४ डेसिबलचा असेल तर हाती येतात १५० मिलिव्होल्ट. इथे रागदारीच्या एलपीचा एक गुण ध्यानात घ्यावा लागतो. बाजू जितकी लांब, तितके खाचेचे वेढे जवळ आणावे लागतात, आणि त्यासाठी तबकडी हळू आवाजात कापावी लागते. वीस-बावीस मिनिटं चालणारी ख्यालाची बाजू तीन मिनिटांच्या गाण्यांच्या तबकडीपेक्षा सहज ५-६ डेसिबलने खाली असू शकते. म्हणजे १५० चे राहिले ७५ मिलिव्होल्ट. त्याच पॉवर ॲम्पमधून १.५ व्होल्ट, जेमतेम पाव वॅट. आणि विलंबित आलापीची सुरुवात त्याहूनही कितीतरी हळू. पॅसिव्ह पूर्ण उघडूनही गायिका खोलीत येत नाही. ‘पॅसिव्हमध्ये दम नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते, आणि ती रास्त आहे.

माझा ठोकताळा असा: पॉवर ॲम्पच्या सेन्सिटिव्हिटीला फोनोच्या आउटपुटने भागा. उत्तर ३ पर्यंत आलं तर गेनच्या दृष्टीने पॅसिव्ह बिनधास्त घ्या. ३ ते ६ मध्ये आलं तर स्पीकर किती सेन्सिटिव्ह आहेत आणि खोली केवढी आहे त्यावर. ६ च्या वर गेलं तर गेन लागणार. पण त्या वेळीही आधी फोनो स्टेजमागचे किंवा खालचे छोटे स्विच पाहा. बऱ्याच फोनो स्टेजमध्ये ६० डेसिबलपर्यंत गेन वाढवता येतो, आणि लाइन स्टेजपेक्षा तिथे वाढवलेला गेन बरा, कारण सिग्नल जितक्या लवकर मोठा होईल तितका पुढच्या डब्यांचा गोंगाट कमी महत्त्वाचा ठरतो.

पायरी २: इम्पीडन्स जुळतो का पाहा

गेन पुरतो म्हणून पॅसिव्ह आणला आणि आवाज मंद, झाकोळलेला वाटला, तर दोष इथे शोधायचा.

पॉटचा आउटपुट इम्पीडन्स नॉबप्रमाणे बदलतो. आवाज नेमका ६ डेसिबलने कमी केलेला असतो तिथे तो सर्वांत जास्त, पॉटच्या एक चतुर्थांश. १० किलोओहमच्या पॉटला २.५ किलोओहम, ५० ला १२.५, १०० ला २५. नॉब खूप खाली किंवा पूर्ण वर असेल तर तो बराच कमी असतो. आणि हळू कापलेली ख्यालाची एलपी लावल्यावर नॉब कुठे जातो? दोन-अडीचच्या काट्याच्या आसपास, म्हणजे या सर्वांत वाईट जागेच्या जवळ. एरवी ठीक वाजणारा पॅसिव्ह त्याच तबकड्यांवर मार खातो, त्याचं हे कारण.

आता केबल. साध्या शील्डेड केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. पॉवर ॲम्प स्पीकरजवळ ठेवून पाच मीटरची केबल ओढली असेल तर ५०० पिकोफॅरड झाले. १० किलोओहमच्या पॉटसोबत यातून जो फिल्टर तयार होतो त्याची ३ डेसिबलची सीमा (जिथे वरचे स्वर ३ डेसिबलने घटलेले असतात) १२७ किलोहर्ट्झवर आहे, काळजीचं कारण नाही. ५० किलोओहमला ती २५ किलोहर्ट्झवर येते. १०० किलोओहमला १३ च्या खाली, आणि मग १० किलोहर्ट्झलाच २ डेसिबल गळतात. हे ऐकू येतं. तानपुऱ्याच्या जवारीतली ती झिरमिर, सतारीच्या तरफांची किणकिण, तबल्याच्या चाटीची धार, सगळं थोडं मागे सरकतं. म्हणून पॅसिव्ह घेताना पॉट १० किलोओहमचा आणि केबल मीटरभराची. एवढं पाळलं तरी निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

मग १० किलोओहम सगळ्यांनाच का वापरू नये? कारण तो फोनो स्टेजला ओढावा लागतो. आयसीवर चालणाऱ्या फोनो स्टेजचा आउटपुट इम्पीडन्स काहीशे ओहम असतो, त्याला १० किलोओहम सहज झेपतो. ६०० ओहम धरला तरी नुकसान अर्धा डेसिबल. पण ईसीसी ८३ व्हॉल्व्हच्या थेट ॲनोडवरून आउटपुट घेतलेला फोनो असेल, शेवटी कॅथोड फॉलोअर (आउटपुट इम्पीडन्स कमी करणारी स्टेज) नसेल, तर त्याचा इम्पीडन्स कैक किलोओहम असतो. तो १० किलोओहमपुढे कोलमडतो. फोनोच्या आउटपुटच्या किमान दहापट पॉट, आणि पॉटच्या सर्वांत मोठ्या आउटपुटच्या किमान दहापट पॉवर ॲम्पचा इनपुट, हा नियम दोन्ही टोकांना लावा.

व्हॉल्व्ह फोनोत आणखी एक खाच आहे. आउटपुटला जो कपॅसिटर असतो तो पुढच्या लोडबरोबर मिळून खालचे स्वर कापतो. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा आणि लोड १०० किलोओहमचा असेल तर कापणी ३.४ हर्ट्झला. तोच १० किलोओहमच्या पॉटला जोडला तर ३४ हर्ट्झला. मोठे स्पीकर असतील तर पखवाजाचा आणि खर्जाचा तळ चक्क पातळ होतो, आणि माणूस दोष पॅसिव्हला देतो.

पॉवर ॲम्पच्या बाजूला बाजारात सर्रास मिळणाऱ्या टीपीए ३११६ चिपच्या बोर्डांकडे नीट पाहा. या चिपचा इनपुट इम्पीडन्स गेनप्रमाणे बदलतो: २० डेसिबलला ६० किलोओहम, २६ ला ३०, ३२ ला १५, आणि ३६ डेसिबलला फक्त ९. आवाज वाढावा म्हणून बोर्डावरचा गेन ३६ वर नेला आणि आधी ५० किलोओहमचा पॉट लावला, तर मध्यावर त्या जोडीतच आणखी साडेसात डेसिबल हरवतात. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. २६ डेसिबल आणि १० किलोओहमचा पॉट ही जोडी कितीतरी बरी वाजते.

पायरी ३: डीसी तपासा

ही पायरी लहान आहे, पण चुकवू नका. ॲक्टिव्ह प्रीॲम्पमध्ये बहुधा डीसी (सिग्नलसोबत येणारा नको असलेला स्थिर व्होल्टेज) अडवायची काही ना काही सोय असते. पॅसिव्ह डब्यात काहीच नसतं, फोनोतून आलेला डीसी तो तसाच पुढे देतो. फोनो चालू करून पाच मिनिटं तापू द्या, सुई उचललेली ठेवा आणि मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून आरसीए आउटपुटच्या मधल्या पिनवर आणि बाहेरच्या कड्यावर टेकवा. ५-१० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याहून बराच जास्त असेल तर पॉट फिरवताना खरखर येईल आणि डीसी-कपल्ड (डीसी न अडवणारा) पॉवर ॲम्प तो वीस पट करून स्पीकरला देईल. आधी फोनो दुरुस्त करून घ्या.

पायरी ४: निर्णय

एमएम कार्ट्रिज, आयसीचा फोनो, मीटरभर केबल, २५ किलोओहमच्या वर इनपुट असलेला पॉवर ॲम्प: १० किलोओहमचा पॅसिव्ह घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या सुईत घाला. तबकडीच्या आवाजात सुईने जो फरक पडतो त्याच्या जवळपासही या साखळीत लाइन प्रीॲम्प जात नाही, असं माझं ठाम मत आहे.

गेन पुरतो पण इम्पीडन्स जुळत नाही, म्हणजे लांब केबल, व्हॉल्व्ह फोनो किंवा कमी इनपुट इम्पीडन्सचा ॲम्प असेल, तर बफर हा मधला मार्ग आहे. बफर आवाज वाढवत नाही, फक्त पॉटच्या पुढे उभा राहून केबल आणि ॲम्प ओढायचं काम करतो. फोनो कमजोर असेल तर पॉटच्या आधीही एक बफर लागतो. अमेरिकन ॲम्प-डिझायनर नेल्सन पास यांचा बी१ हा जेएफईटी (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर घरी बनवणाऱ्यांमध्ये आवडता आहे: गेन शून्य, काम फक्त ओढण्याचं. पॉटऐवजी ट्रान्सफॉर्मरवर आवाज कमी करणारे पॅसिव्ह डबेही मिळतात. त्यांत आवाज जितका खाली, तितका आउटपुट इम्पीडन्स वर्गाच्या प्रमाणात खाली येतो, त्यामुळे ते केबलला घाबरत नाहीत. पण चांगला ट्रान्सफॉर्मर महाग असतो.

गेनच कमी पडत असेल आणि फोनोचा गेन वाढत नसेल, तर ॲक्टिव्ह. घेताना ६ ते १२ डेसिबल गेनचा पाहा. २० डेसिबलचा प्रीॲम्प तबकडीसाठी चालेलही, पण त्याच डब्याला २ व्होल्ट देणारा सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल सिग्नलचं ॲनालॉग करणारा डबा) जोडलात की नॉब जागेवरून हलवता येणार नाही.

पायरी ५: पॅसिव्ह घरी बनवायचा असेल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दोन्हीकडे लागणारं सामान मिळतं: १० किलोओहमचा दुहेरी लॉग पॉट (दोन चॅनेलचा, आवाजासाठी वापरतात तो प्रकार), आरसीए सॉकेट, दोन-पोल रोटरी स्विच, शील्डेड वायर, ॲल्युमिनियमचा डबा.

पॉट निवडताना घाई नको. शक्यतो चार-पाच नग घ्या आणि मल्टिमीटरने स्वतः तपासा. नॉब दहाच्या काट्यावर ठेवून दोन्ही चॅनेलचा मधल्या पिनपासून ग्राउंडपर्यंतचा रोध मोजा. एका बाजूला ५०० ओहम आणि दुसऱ्या बाजूला ५६० आला तर तो जवळपास १ डेसिबलचा फरक आहे, आणि समोर मधोमध बसलेला गायक थोडा एका अंगाला सरकलेला दिसेल. नऊ, दहा, अकरा, बारा अशा चार जागी मोजा आणि ज्याची जोडी सगळीकडे जवळ येते तो ठेवा. स्वस्त पॉटांतही एखादा फार चांगला जुळलेला नग निघतो.

जोडणी अशी: दांडा स्वतःकडे आणि पिना खाली धरल्या तर डावी पिन ग्राउंड, उजवी इनपुट, मधली आउटपुट. सोल्डर करण्याआधी मल्टिमीटरने खात्री करा: नॉब पूर्ण डावीकडे असताना मधली पिन आणि ग्राउंड यांत जवळजवळ शून्य ओहम दिसला पाहिजे. धातूचा डबा सिग्नल ग्राउंडला एकाच जागी जोडा, नाहीतर नॉबला हात लावला की गुणगुण येईल. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर मात्र फोनो स्टेजच्याच स्क्रूला, या डब्याला नाही. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. महिन्यातून एकदा स्विच दहा-वीस वेळा फिरवावा आणि पावसाळ्यानंतर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा द्यावा.

पायरी ६: तुलना करायची तर आवाज समान करून

दोन डबे समोर असतील तर जो अर्धा डेसिबल मोठा वाजेल तो कानाला ‘जास्त जिवंत’ वाटतो. म्हणून आधी पातळी जुळवा. टेस्ट रेकॉर्डवरचा १ किलोहर्ट्झ किंवा त्याखालचा सूर लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. तबकडीवर आकडा थोडा हलेल, मधला धरा. एका डब्यावर १.०० व्होल्ट असेल तर दुसऱ्यावर ०.९९ ते १.०१ मध्ये आणा, हा साधारण ०.१ डेसिबलचा मेळ झाला. टेस्ट रेकॉर्ड नसेल तर फोनवरून ४०० हर्ट्झचा सूर घ्या, पण फोन आणि डब्याच्या मधे प्रत्येक चॅनेलला फोनोच्या आउटपुट इम्पीडन्सएवढा रेझिस्टर लावा, नाहीतर पॅसिव्हवर पातळी चुकीची जुळेल.

जुळलेल्या जागी नॉबला खूण करा आणि मग संगीत लावा. एक हळू कापलेली शास्त्रीय एलपी घ्या आणि पहिली दोन मिनिटं ऐका, जिथे नुसता तानपुरा आणि पहिला सा आहे. जवारी दोन्ही डब्यांत तेवढीच उघडी आहे का? तबला आल्यावर डग्ग्याची घुमक तेवढीच खाली जाते का? नंतर दमदार ऑर्केस्ट्रा असलेली चित्रपटगीतांची तबकडी लावून गर्दीच्या जागी प्रत्येक वाद्य सुटं राहतं का ते पाहा. शेवटी सुई उचला, आवाज नेहमीच्या जागी ठेवा आणि कान ट्वीटरजवळ न्या. ॲक्टिव्हमध्ये जी जास्तीची सूं ऐकू येते ती त्याच्या स्वतःच्या स्टेजची. बसायच्या जागेवरून ती ऐकू येत नसेल तर तिचा विचार करू नका.

पॅसिव्ह मंद वाटला तर लगेच ॲक्टिव्हकडे जाऊ नका. आधी त्याच डब्याला अर्ध्या मीटरची केबल लावून पुन्हा ऐका. आवाज उघडला तर दोष केबलचा आणि पॉटच्या किलोओहमचा, आणि तो थोडक्या पैशांत सुटतो. डबे बदलताना पॉवर ॲम्प आधी बंद करा, आणि रोजही तो सगळ्यांत शेवटी चालू, सगळ्यांत आधी बंद. पॅसिव्हमध्ये म्यूट करणारा रिले नसतो, फोनो चालू होतानाचा ठोका तो सरळ स्पीकरपर्यंत पोहोचवतो.